‘ख’ची माणसं

६ जानेवारी

नमस्कार,

वर काही मायना घातला नाही, कारण तुम्हाला काय म्हणून लिहावं ते ठरत नाही. वहिनी म्हणावं तर तुम्ही माझ्या भावाची बायको नाही. ताई म्हणावं तर वयाने मी पाच वर्षांनी मोठी. आणि बहीण म्हणायची, तर माझी बहीण एकच होती. तेव्हा नुसता नमस्कार.

मुलं सुखरूप पोचल्याची तार मिळाली. तेरा महिने ती माझ्याजवळ होती. बहीण गेली तेव्हा ढब्बू चार महिन्यांचा. त्याला मी बाटलीवर वाढवला. खारू तेव्हा साडेतीन वर्षांची होती. भाऊजी मालगाडीचे गार्ड, चार दिवस बाहेर आणि दोन दिवस घरी. त्यांच्याने दोन लेकरं सांभाळणं होणार नव्हतं, हे मला मान्य. आता त्यांनी तुमच्याशी लग्न केलं आणि मुलं नेली. बापाचा हक्कच आहे, मी काय बोलणार? मी फक्त दोन गोष्टी कबूल करून घेतल्या. महिन्याला निदान एक सविस्तर पत्र मला आलं पाहिजे. आणि तुमच्याकडे मुलांचं नीट होत नाही असं मला वाटलं, तर ती परत माझ्याकडे येतील. भाऊजींनी तुम्हाला हे सांगितलं नसेल तर मी सांगते.

ढब्बूचा डावा कान धरतो. आंघोळीआधी कापूस घाला. खारूला दूध गाळून द्या. सायीचा एक तुकडा दिसला की पेला तसाच राहतो.

ढब्बूला आता किती दात आहेत ते मोजून कळवा. इथे कारखान्यात मी दिवसभर मेणात दात बसवून लोकांच्या कवळ्या बनवते, आणि स्वतःच्या भाच्याचे दात मला दुसऱ्याला विचारावे लागतात.

मुलांची मावशी

*

१५ जानेवारी

मुलांच्या मावशींना नमस्कार.

ढब्बूचे दात बारा. वर सहा, खाली सहा. खालच्या डाव्या दाढेचं एक टोक अजून हिरडीत आहे.

कान बरा आहे. दूध मी दोनदा गाळते. दोघंही वेळेवर जेवतात. खारू शांत आहे, काही त्रास देत नाही.

मी एका छापखान्यासाठी प्रुफं तपासते. म्हणजे पुस्तक छापण्याआधी त्याचे कच्चे कागद येतात, त्यातल्या चुका शोधून खुणा करायच्या. चौदा वर्षं हेच करते आहे. काम घरी आणता येतं, त्यामुळे मुलं सारखी डोळ्यासमोर असतात. दोन्ही अटी मला लग्नाआधीच माहीत होत्या. काळजी नसावी.

आपली,
मुलांच्या घरची

*

२३ जानेवारी

नमस्कार,

पत्र मिळालं. पत्र कसलं, दवाखान्यातून येतो तसा रिपोर्ट!

खारू शांत आहे? माझी खारू? अहो, माझ्याकडे असताना ती पोरगी पलंगाच्या पायांशी गप्पा मारायची. चारी पायांना नावं ठेवली होती तिने. दूधवाला दारात आला की त्याला कालचं स्वप्न सांगितल्याशिवाय सोडायची नाही. माझ्या हाताखालच्या मुलींना तिने दातांवरून इतके प्रश्न विचारले, की एकीने मेणात दाढ उलटी बसवली.

ती शांत असेल, तर एक तर तुमचं तिच्याकडे लक्ष नाही, नाही तर तुम्ही माझ्यापासून काहीतरी लपवताय. दोन्हींपैकी काय, तेवढं कळवा. आणि वजन-उंची नको. ती काय करते ते लिहा.

मावशी

*

९ फेब्रुवारी

मावशींना नमस्कार.

लपवत होते. चूक झाली.

खारू इथे आल्यापासून तेवीस दिवस माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. रडली नाही, हट्ट केला नाही. ताट पुढे ठेवलं की जेवायची, कपडे पुढे ठेवले की घालायची, आणि उरलेला वेळ माझ्या कामाच्या टेबलाखाली ढब्बूला घेऊन बसायची. त्याच्याशी मात्र कुजबुज चालायची. मी खाली वाकले की बंद. ह्यांच्याशी बोलायची, तेही मी खोलीत नसताना. पहिल्याच पत्रात हे लिहिलं असतं, तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गाडीत बसला असता. म्हणून ‘शांत’ लिहिलं.

आता पुढचं लिहिते.

सध्या माझ्याकडे टेलिफोनच्या डिरेक्टरीचं काम आहे. कागदाच्या लांब पट्ट्या असतात, त्यावर माणसांची नावं आणि नंबर. मी ते पुटपुटत वाचते, नाहीतर डोळा घसरतो. पट्टी टेबलावरून खाली लोंबत असते. चोविसाव्या दिवशी सकाळी टेबलाखालून एक बोट वर आलं आणि पट्टीवर टेकलं.

“हे काय आहे?”

मी पट्टीवरून डोळे उचलले नाहीत. आवाजही होता तसाच ठेवला. म्हटलं, “ख.”

“खारूचा?”

“हो.”

बोटाने तो ‘ख’ गिरवला. मग, “अजून कुठे आहे?”

योगायोगाने त्या दिवशी ‘ख’चीच पट्टी हातात होती. मी म्हटलं, ही सगळी ‘ख’ची माणसं. ती टेबलाखालून बाहेर आली, पट्टी जमिनीवर अंथरली आणि तिच्यावर पालथी पडून एकेक ‘ख’ बोटाने दाबत सुटली. शब्दाच्या पोटात दडलेलाही तिने सोडला नाही. मग तिची नजर शेजारच्या गठ्ठ्याकडे गेली. ‘क’च्या अकरा पट्ट्या होत्या, ‘ख’च्या दोनच. ती माझ्याकडे वळली. पहिल्यांदा सरळ माझ्या तोंडाकडे बघून बोलली, आणि तेही भांडायला: “माझी माणसं एवढीशीच का?”

मी म्हटलं, “कमी आहेत, पण तुझी आहेत.” ते तिला पटलं नसावं. तरी दुपारभर पट्टीवर बसून होती. संध्याकाळी हे ड्युटीवरून आले तेव्हा दारातच म्हणाली, “बाबा, आज मी खूप काम करलं.”

आता माझ्याशी बोलते. मला हाक म्हणाल, तर ‘अगं’ म्हणते. तेवढंच. मला चालतं.

आपली,
प्रुफवाली

*

२० फेब्रुवारी

नमस्कार,

पत्र कारखान्यात पोचलं आणि मी साच्याच्या प्लास्टरने माखलेल्या हाताने फोडलं, म्हणून हे उत्तर लिहिताना पुढ्यात आहे त्या कागदावर पांढऱ्या बोटांचे ठसे आहेत. ‘माझी माणसं एवढीशीच का’ हे मी मुलींना वाचून दाखवलं. सगळ्या हसल्या. मग एकजण हसता हसता थांबली आणि सगळ्याच थांबल्या.

खरं सांगितलंत, बरं केलंत.

एक मात्र सांगते. ते ‘करलं’ वेळीच मोडून काढा. जूनमध्ये पोरगी शाळेत जाईल, मुलं हसतील तिला. ढब्बूच्या ‘ढ’वरून शाळेत त्याची चेष्टा होणार ती होणारच आहे, निदान हिला तरी वाचवा. कमाल आहे तुमची. जगाच्या चुका दुरुस्त करून पोट भरता, आणि घरातल्या घरात ‘करलं’ चालू देता?

मावशी

*

१४ मार्च

मावशींना नमस्कार.

‘करलं’बद्दल तुमचं म्हणणं मनावर घेतलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिला अडवणार होते. पण तोंड उघडण्याआधी विचार आला, हिने हा शब्द ऐकला कुठे? तुम्ही म्हणत नाही, मी म्हणत नाही, हे म्हणत नाहीत. कोणीच ‘करलं’ म्हणत नाही. म्हणजे तो तिने स्वतः घडवलाय. भरायचं ते भरलं, धरायचं ते धरलं, सरायचं ते सरलं, मग करायचं ते करलं! नियम तिचा अगदी बरोबर आहे, मावशी. आडवी जाते ती भाषा. आपण ‘केलं’ म्हणतो ते नुसतं ऐकून पाठ झालेलं. तिने डोकं चालवलंय.

चौदा वर्षं मी चूक दिसली की खूण करते. ही एक चूक अशी आहे, की ती दिसली की मला दिवसभर बरं वाटतं. एक दिवस ती आपोआप ‘केलं’ म्हणेल, तेव्हा मी कोणाला काही सांगणारही नाही. थोडे दिवस राहू दे.

आता एक गंमत. गेल्या आठवड्यात ती पट्ट्या चाळत होती. मी तपासून बाजूला ठेवलेल्या, छापखान्यात परत जायच्या. एकदम म्हणाली, “अगं, हा माझा नाही.” मी म्हटलं, काय झालं? “हा ख फुटलाय.” जाऊन बघते तर छपाईचे खिळे जुळवणाऱ्याने एका ठिकाणी ‘ख’च्या जागी ‘र’ आणि ‘व’ शेजारी शेजारी बसवले होते. रव. घाईत कोणालाही ख वाटेल. मलाही वाटला होता. चौदा वर्षांच्या डोळ्यांना जे दिसलं नाही, ते हिला दिसलं, कारण मी नाव वाचत होते आणि ती आपलं माणूस ओळखत होती. छापखान्याच्या मॅनेजरना मी खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, “मुलीला नोकरी हवी आहे का?” घरी येऊन तिला हे सांगितलं, तर गंभीर होऊन विचारते, “डबा न्यावा लागेल का?”

ढब्बूचं लिहायचं राहतंच. आमच्या दारापुढे चार पायऱ्या आहेत. वर चढायला तो कधीच शिकला. पण उतरता येत नव्हतं. वर उभा राहून ‘बा!’ म्हणून ओरडायचा. ‘बा’ हा त्याचा एकच शब्द. पाणी बा, कावळा बा, मी बा. मंगळवारी मी दारातून पाहत होते. तो कडेला आला, ओरडला नाही. हातातला चेंडू खाली टाकला आणि तो टप्प्याटप्प्याने कसा जातो ते वाकून पाहिलं. मग खारूचा एक सँडल टाकला. तोही बघितला. मग स्वतः खाली बसला, विचार केला (खरंच करत होता, कपाळाला आठी होती), पाठ फिरवली, पोटावर आडवा झाला आणि पाय आधी खाली सोडला. पाय हवेत चाचपडत होता. पायरी सापडली! खाली पोचल्यावर त्याने कोणाकडेही पाहिलं नाही. टाळ्या नकोत, काही नको. परत वर चढला आणि परत उतरला. नऊ वेळा. शेवटी चेंडू आणि सँडल जिथे पडले होते तिथेच तोही झोपून गेला.

मी छत्तिसाव्या वर्षी लग्न केलं. मुलं कशी शिकतात, ते मी कधी जवळून पाहिलंच नव्हतं. मला वाटायचं, मोठी माणसं शिकवतात आणि ती शिकतात. तसं नसतंच की हो! तुम्ही तेरा महिने हे रोज पाहिलंत. कामावर कशा जात होतात?

आपली,
प्रुफवाली

*

२८ मार्च

नमस्कार,

पत्र मिळालं.

माझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर एक चांगली शाळा आहे. तिथे खारूसाठी जागा मिळाली आहे. मुख्याध्यापिकांची कवळी मी बनवली होती, त्यांनी शब्द टाकला. जूनपासून ती माझ्याकडे राहून शिकेल. भाऊजींना वेगळं लिहिलं आहे. ढब्बू लहान आहे, तो तुमच्याकडे राहू दे. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात मी येते आणि तिला घेऊन जाते. फॉर्मवर भाऊजींची सही लागेल.

तुमच्याविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तुमची पत्रं चांगली असतात. पण पत्रातून पोरगी मोठी होताना दिसत नाही, नुसती ऐकू येते.

तिचं सामान तयार ठेवा.

मावशी

*

६ एप्रिल

मावशींना नमस्कार.

हे पत्र तीनदा लिहून तीनदा फाडलं. ह्यांना विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “मी शब्द दिलाय.” दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाताना डबा विसरून गेले.

हक्काची गोष्ट मी काढणार नाही. माझ्याकडे हक्क कसला? तीन महिन्यांची ओळख. पण दुसरी एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती, ती सांगते. मग तुम्ही ठरवा.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते आणि खारू एकेक चिमटा माझ्या हातात देत होती. मध्येच म्हणाली, “माझी आई मरली.”

भरायची ती भरली, सरायची ती सरली, तशी मरली. त्या शब्दाला मी हात लावला नाही. म्हटलं, “हो.”

“मी खूप बोलायचे.”

मला कळेना. “मग?”

“तिचं डोकं दुखायचं. मी बोलले की दुखायचं. मग ती मरली.”

चिमटे द्यायचं काम चालूच होतं तिचं. मी चादर तशीच खांद्यावर घेऊन खाली बसले. हळूहळू सगळं बाहेर आलं. आजारपणात कोणीतरी तिला सांगितलं होतं, गप्प बस, आईला त्रास होतो. तिने ते धरून ठेवलं. तुमच्याकडे ती बोलत होती, कारण तुम्ही मावशी. मावशीला बोलण्याने काही होत नाही. पण इथे येताना गाडीत ह्यांनी तिला मायेने सांगितलं, की आता घरी तुझी आई आहे. झालं. तिने तोंड बंद केलं ते तेवीस दिवस. रुसली नव्हती हो ती. मला जपत होती.

मी तिला सांगितलं, आईच्या डोक्यात आजार होता. तो तू जन्मायच्याही आधी हळूहळू आत वाढत होता. बोलण्याने कोणी मरत नाही. तिने विचारलं, “कशावरून?” मी म्हटलं, “करून बघ.”

मग तिने करून बघितलं. दुपारी दोनपासून संध्याकाळी साडेसहापर्यंत माझ्याशी बोलत होती. पलंगाच्या पायांची नावं सांगितली, दूधवाल्याची गोष्ट सांगितली, उलट्या दाढेची सांगितली. मध्येच थांबायची आणि माझ्या कपाळावर हात ठेवायची. “दुखतं का?” नाही. अजून एक गोष्ट. “आता?” नाही. “आता?” आता पण नाही. साडेसहाला खात्री पटली आणि खेळायला निघून गेली. खरं सांगायचं तर डोकं ठणकत होतं माझं. तिला सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका.

हे मी आधीच्या पत्रात लिहिलं नाही, कारण तुमच्या बहिणीच्या आजारपणाबद्दल मी काय लिहायचं, असं वाटलं. शिवाय ‘गप्प बस’ कोण म्हणालं असेल, तेही मला माहीत नव्हतं.

आता ती रोज विचारते, “आईला काय काय यायचं?” ह्यांना विचारलं तर त्यांचा आवाज अडकतो. मला उत्तर माहीत नाही. ते फक्त तुम्हाला माहीत आहे. याल तेव्हा सांगा, नाहीतर लिहून पाठवा.

दोघांना वेगळं करू नका, एवढंच माझं मागणं. न्यायचंच असेल, तर दोघांना न्या.

सामान मी भरलेलं नाही. ते माझ्याने होणार नाही.

प्रुफवाली

*

१ मे

प्रिय धाकटे,

आता ‘तुम्ही’ पुरे. चार दिवस तुझ्या घरी राहिले, तुझ्या हातचं जेवले, तुझ्या उशीवर झोपले. आणि वयाने मी मोठी आहे, हे पहिल्याच पत्रात सांगून ठेवलंय.

निघताना स्टेशनवर मी काही बोलले नाही. गाडी सुटेपर्यंत तू ढब्बूला कडेवर घेऊन उभी होतीस आणि माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होतीस. फॉर्म त्या पिशवीत आहे का, हे तुला विचारायचं होतं, ते मला दिसत होतं. सही त्यावर नव्हती, कारण भाऊजींना मी तो दाखवलाच नाही. तुलाही दाखवला नाही. का, ते आता सांगते.

मी आले त्या दिवशी ठरल्यापेक्षा आधीची गाडी मिळाली. स्टेशनवर कोणी असणार नव्हतं, चालत आले. दार उघडं होतं. मी बोळातच थांबले, कारण तुम्ही तिघं दिसलात. खारू उंबऱ्यावर बसून सँडलचा बक्कल लावत होती. लागत नव्हता. जीभ भोकात जाईना. तू समोर स्टुलावर बसली होतीस. मी तुझे हात शोधले, तर ते तू मांडीखाली दाबून ठेवले होतेस! दोन्ही. स्वतःच्याच हातांवर बसली होतीस तू.

मी भिंतीवरचं घड्याळ बघत उभी राहिले. अकरा मिनिटं. पोरगी घामाघूम. एकदा तिने सँडल फेकला. तू उचलून दिला नाहीस. तिनेच जाऊन आणला. ढब्बू पातेल्यांवर झाकणं बसवून बघत होता, कुठलं कुठे बसतं ते, आणि त्या खडखडाटाकडे तुमच्यापैकी कोणाचं लक्ष नव्हतं. मग “लागला!” म्हणून ओरडली ती. आधी तिने तुझ्याकडे पाहिलं, सँडलकडे नंतर. मला वाटलं, आता तू उचलून घेशील, मुके घेशील. मी तेच केलं असतं. तू म्हणालीस, “आता दुसरा.” आणि ती मुकाट्याने दुसरा लावायला बसली. चेहरा असा, जसं काही मोठं बक्षीस मिळालंय.

तेरा महिने ती माझ्याकडे होती. रोज सकाळी कामाच्या घाईत मी खाली वाकायचे आणि बक्कल लावून टाकायचे. आई नाही बिचारीला, असं म्हणायचे आणि लावून टाकायचे. मी तिचं सगळं केलं, धाकटे. सगळंच केलं. तिला काही करायला ठेवलंच नाही.

तू पत्रात विचारलं होतंस, हे रोज बघून मी कामावर कशी जात होते. तेव्हा ते वाचून मला राग आला होता. आता सांगते. मी बघतच नव्हते. मी तिच्याकडे बघून माझी बहीण बघायचे.

आणि ते ‘गप्प बस’. ते मी म्हटलं होतं. शेवटच्या पंधरा दिवसांत, खोलीच्या दाराशी, रोज. तू पत्रात कोणाचं नाव घेतलं नाहीस. घेतलं असतंस, तर मी भांडायला तरी आले असते. तिसऱ्या दिवशी मी खारूला बागेत घेऊन गेले ती त्यासाठी. तिला म्हटलं, मी चुकले गं, मी तसं म्हणायला नको होतं. तिने माझ्या गुडघ्यावर थोपटलं आणि म्हणाली, “मावशी, बोलून काही होत नाही. मी करून बघितलंय.”

मग मी विचारलं. विचारायचंच होतं मला. माझ्याकडे येतेस का शाळेला? तिने जरा विचार केला. म्हणाली, “मला सुट्टी नाही गं. आमचं ‘प’ चाललंय.” प झालं की फ, मग ब, भ, म. ‘म’ खूप मोठा आहे म्हणाली. “ती एकटी कशी करेल? तिला फुटलेले दिसत नाहीत.”

शाळेतली जागा मी सोडली. मुख्याध्यापिका जरा रागावल्या आहेत. कवळी घट्ट करून दिली की येतील ताळ्यावर.

आईला काय काय यायचं, ते खारूला माझ्या नावाने सांग. तिला दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवता यायची, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी. सायकल हात सोडून चालवायची. गणितात कच्ची होती, मी तिचे गृहपाठ करून द्यायचे. (बघ, माझी खोड जुनीच.) गाणं बेसूर म्हणायची आणि ते तिला कळायचं नाही. बोलायची मात्र खारूसारखीच, न थांबता. हे नक्की सांग. शेवटी डोकं दुखायचं तेव्हाही ती मला म्हणायची, पोरीला आत येऊ दे, मला तिचं बोलणं हवंय. मीच येऊ दिलं नाही. दर पत्रात थोडं थोडं लिहीन. एका पत्रात मावणारी नव्हती ती.

शाळेचे बूट माझ्याकडून. कारखान्याशेजारी एक जुना चांभार आहे, मापावर सुंदर बूट शिवतो. दोघांचे पाय कागदावर ठेवून पेन्सिलने आखून पाठव. ढब्बूचा जरा सैल आख.

तुझी,
ताई

*

१२ मे

ताईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा हे घरी होते. मी वाचून त्यांच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरात गेले. थोड्या वेळाने बाहेर आले, तर हे खारूला समोर बसवून शिट्टी कशी वाजवायची ते दाखवत होते. त्यांना स्वतःला येत नाही. दोघांची नुसती थुंकी उडत होती. मग पहिल्यांदाच त्यांनी तुमच्या बहिणीची एक गोष्ट तिला सांगितली. सायकलवरून दोघं चिखलात कशी पडली, ती. आवाज अडकला, पण गोष्ट पुरी केली.

मापाचा कागद सोबत आहे. त्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर चांभार चक्रावेल.

ढब्बू स्थिर उभा राहीना. पेन्सिल बोटांच्या मधून गेली की खिदळायचा आणि पाय आखडायचा. त्यामुळे त्याला सात बोटं दिसतील. पाचच आहेत, मी मोजली. खारूने स्वतःचा पाय स्वतःच आखला, मला हात लावू दिला नाही. वाकून आखताना टाच सरकली आहे, तेव्हा माप अर्धं बोट कमी धरायला सांगा.

मी कागद घडी घालायला घेतला, तर म्हणाली, “थांब, तुझा राहिला.”

मी म्हटलं, “मावशी तुम्हा दोघांचेच बूट करणार आहे.”

“असू दे. ठेव पाय.”

ठेवला. ती जमिनीवर पालथी पडली, जीभ ओठाच्या कोपऱ्यात, आणि माझ्या पायाभोवती इतकी सावकाश पेन्सिल फिरवत गेली, की माझ्या पायाला मुंग्या आल्या. ढब्बू माझ्या साडीला धरून उभा राहून वरून देखरेख करत होता. मधूनच ‘बा’ म्हणून सूचना देत होता. करंगळीपाशी ती अडली. पुसून परत काढली. मला वाटतं, माझ्या पायाकडे इतकं निरखून आजवर कोणी पाहिलं नसेल.

मग तिने नावं घातली. ढब्बूच्या पायात ‘ढ’. स्वतःच्या पायात ‘ख’, चांगला मोठा, न फुटलेला. माझ्या पायापाशी आली आणि पेन्सिल तोंडात घालून बसली.

“अगं, तुझं अक्षर कोणतं?”

दोन-चार उत्तरं माझ्या ओठावर आली होती, ताई. मी म्हटलं, “तू ठरव.”

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे. मग उठली, फ्रॉक झटकला आणि म्हणाली, “घाई नको. उद्या ठरवते.”

टपालाची पेटी संध्याकाळी उघडतात, म्हणून कागद आजच पाठवते आहे. मोठ्या पायात काही लिहिलेलं नाही, ते राहून गेलेलं नाही.

तुमची,
धाकटी